फोर्ट्रानच्या हाती पायथनचा ॲरे देताना

आमचं पुराचं मॉडेल फोर्ट्रानमध्ये आहे आणि ते नव्याने लिहायला कुणी तयार नाही, मीसुद्धा नाही. चांगलं चाललंय, वेगातही चालतंय. पाऊस गोळा करणं, आकडे साफ करणं, आलेख काढणं मात्र पायथनमध्ये होतं. या दोघांमध्ये ॲरेची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची, ने-आण सीटाइप्सने (दुसऱ्या भाषेतलं कंपाइल केलेलं कोड बोलावायचं पायथनचं मॉड्यूल) कशी करायची, हे टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं.

आधी हे पक्कं करा की पलीकडे जातो तो फक्त मेमरीतला पत्ता. आकडे किती बाइटचे, रो किती, कॉलम किती, हे नमपायला (पायथनमध्ये ॲरे हाताळणारी लायब्ररी) माहीत असतं. फोर्ट्रानला ते तुम्हीच सांगायचं.

म्हणून सबरूटीन लिहिताना फोर्ट्रान २००३ पासून मिळालेलं 'आयएसओ_सी_बाइंडिंग' (सी भाषेशी जुळणारे प्रकार देणारं मॉड्यूल) वापरा आणि 'बाइंड(सी)' लावा, म्हणजे नावामागे कंपायलर आपल्या मनाचा अंडरस्कोर चिकटवणार नाही. ॲरेचं माप आर्ग्युमेंट म्हणून घ्या: ए(एन, एम), म्हणजे एन रो आणि एम कॉलम. ए(:,:) असं लिहू नका. त्याला नुसता पत्ता पुरत नाही, वेगळा डिस्क्रिप्टर, म्हणजे पत्त्यासोबत मापंही सांगणारी नोंद, लागतो. एन आणि एम यांना 'व्हॅल्यू' (पत्ता नाही, आकडाच येतोय) लावायला विसरू नका. नाहीतर तुम्ही ३ पाठवाल आणि फोर्ट्रान मेमरीतल्या पत्ता क्रमांक ३ वर जाऊन बघेल. प्रोग्राम तिथेच कोसळतो.

खरी गंमत क्रमाची. समजा कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या तीन रो आणि चार दिवसांचे चार कॉलम. नमपाय मुळात सी भाषेच्या पद्धतीने आधी कोयनानगरचे चारही दिवस ओळीने मांडतो. फोर्ट्रान कॉलमने मांडतो, म्हणजे आधी तिन्ही ठिकाणांचा पहिला दिवस. क्रम चुकला तर एरर येत नाही. नवजाचा पाऊस महाबळेश्वरच्या नावावर पडतो आणि आकडे दिसायला अगदी खरे वाटतात.

यासाठी खऱ्या पावसाआधी खोटा ॲरे पाठवा, ज्यात प्रत्येक आकडा स्वतःची जागा सांगतो: ११, १२, १३, १४, मग २१, २२... फोर्ट्रानमध्ये ए(२,३) छापा. २३ आलं पाहिजे. क्रम उलटा असेल तर ३२ नव्हे, २४ येतं. कागदावर मांडूनच बघा: ए(२,३) ही फोर्ट्रानची आठवी जागा, आणि सीच्या मांडणीत आठव्या जागी २४ बसलेला असतो. चाचणीचा ॲरे चौरस घेऊ नका. तिथे क्रम चुकूनही नुसता ट्रान्सपोज (रो आणि कॉलमची अदलाबदल) मिळतो आणि सममित आकडे असले तर तोही दिसत नाही.

उपाय सोपा आहे. ॲरे तयार करतानाच ऑर्डर 'एफ', म्हणजे फोर्ट्रानचा क्रम, द्या. किंवा फोर्ट्रानमध्ये मापं उलटी, ए(४,३), लिहा. मेमरी तीच राहते, कॉपी होत नाही. मला दुसरा मार्ग आवडतो, पण जुन्या कोडमध्ये सगळे इंडेक्स उलटे करत बसावं लागतं.

सीटाइप्सला आर्ग्युमेंटचा प्रकार सांगताना नमपायचा एनडीपॉइंटर वापरा: फ्लोट६४ (आठ बाइटचा आकडा), दोन मिती, एफ-कॉन्टिग्युअस, म्हणजे फोर्ट्रानच्या क्रमाने सलग; मापं उलटी लिहिली असतील तर सी-कॉन्टिग्युअस. मग फ्लोट३२ चा ॲरे आला तर पायथनच अडवतो. नाहीतर चार-चार बाइटचे दोन आकडे जोडून फोर्ट्रान आठ बाइटचा एकच भलता आकडा वाचतो.

एक दिवसाआडचे आकडे असा तुकडा कापून दिलात तर तो मेमरीत सलग नसतो. नमपायचं 'ॲसफोर्ट्रानॲरे' हे फंक्शन त्याची सलग कॉपी करतं, पण फोर्ट्रानने लिहिलेलं उत्तरही त्या कॉपीतच जातं. म्हणून कॉपीला नाव द्या आणि उत्तर तिथूनच वाचा. नाव नसलेल्या कॉपीचा नुसता पत्ता काढून पाठवलात, तर कॉलच्या आधीच पायथन ती मेमरी मोकळी करू शकतो.

उत्तरासाठीचा ॲरेही पायथननेच तयार करावा, फोर्ट्रानने फक्त भरावा. आणि जीफोर्ट्रान या कंपायलरच्या बाउंड्स तपासणीवर (इंडेक्स मापाबाहेर जातोय का) फार विसंबू नका: ती तुम्ही सांगितलेल्या एन आणि एमशीच ताडून बघते, खऱ्या मेमरीशी नाही.