त्सेदाकाचा डबा: ज्यू बालवाडीतल्या मुलांना द्यायला शिकवताना

ज्यू परंपरेत त्सेदाका, म्हणजे गरजूला देणं, हे कर्तव्य आहे. मर्जीचा प्रश्न नाही. जो स्वतः इतरांच्या मदतीवर जगतो, त्यानेही थोडं द्यावं असं तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. चार वर्षांच्या मुलाला हे समजावत बसून फारसं काही साधत नाही. नाणं मात्र त्याच्या हातात देता येतं. १२व्या शतकात ज्यू धर्मपंडित रामबाम (मैमोनिदीस) यांनी लिहिलं की एकाला हजार नाणी एकदम देण्यापेक्षा एकेक नाणं हजार वेळा द्यावं, कारण पुन्हापुन्हा दिल्याने देण्याची सवय लागते. बालवाडीतही हेच धोरण ठेवा: रक्कम लहान, पण दर आठवड्याला न चुकता.

डब्यासाठी साधारण १ लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. नक्षीचे पत्र्याचे डबे देखणे असतात, पण आत किती साठलं ते दिसत नाही, आणि मुलांचा सगळा उत्साह त्या चढत जाणाऱ्या पातळीत असतो. झाकणाला ४ सेंमी लांब आणि ५ मिमी रुंद फट पाडा. इस्रायलचं ५ शेकेलचं नाणं आणि अमेरिकेचं क्वार्टर (२५ सेंटचं नाणं), दोन्ही सुमारे २४ मिमीची आहेत. ती यातून सहज जातात. फट अरुंद राहिली तर नाणं अडकतं, मागची रांग खोळंबते आणि ढकलाढकली सुरू होते. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, झाकण टेपने पक्कं करा. सजावट मुलांनीच करावी, पण चिकटचित्रं एकाच बाजूला.

नाणं घशात अडकू शकतं, हे एक क्षणही विसरू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुटं नाणं देऊच नये. बाईंनी ते फटीत अर्धं धरावं, मुलाने बोटाने ढकलावं. आवाज तोच येतो, आनंदही तोच. मोठ्या मुलांनाही एका वेळी एकच नाणं द्या, आणि वाटण्याआधी किती नाणी होती ते मोजून ठेवा.

वेळ शुक्रवारची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, पैशांना हात लावत नाहीत, म्हणून घरी मेणबत्त्या लावण्याआधी डब्यात नाणं टाकतात. वर्गातला शब्बाथ सकाळीच साजरा होत असला तरी क्रम तोच ठेवा: आधी डबा, मग मेणबत्त्या, मग द्राक्षरस आणि वेणीचा पाव. त्सेदाका देताना वेगळी ब्राखा (आशीर्वचन) म्हणत नाहीत. मुलं विचारतात, तेव्हा सरळ सांगा की इथे देणं हेच काम आहे. नाणं टाकताना एखादं गाणं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती घरून आणलेल्या पैशांनी. एक जण नोट आणतो, दुसरा विसरतो, तिसऱ्याच्या घरी चणचण असते. म्हणून घरून आलेले पैसे सकाळी एका वाडग्यात जमा करा आणि त्यातून प्रत्येकाला सारखंच एक नाणं द्या. निवासमंडपासाठीच्या (प्राचीन उपासनेच्या तंबूसाठीच्या) अर्ध्या शेकेलबद्दल तोराची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, आज्ञा होती की श्रीमंताने जास्त देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. ती आज्ञा वेगळ्या कारणासाठी होती, पण वर्गाला ती अगदी लागू पडते. नावांचे तक्ते आणि बक्षिसाच्या चांदण्या नकोत. त्याने चढाओढ लागते.

‘बिचारी गरीब मुलं’ असं कधीच म्हणू नका. मदत घेणारं कुटुंब याच वर्गातलं असू शकतं. ‘कुणाला तरी तांदूळ हवेत, आपण पाठवू’ एवढं पुरतं. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, हा प्रकार रामबाम यांच्या आठ पायऱ्यांत वरून दुसरा आहे. सर्वांत वर आहे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला त्याच्या पायावर उभं करणं.

डबा चार ते सहा आठवड्यांनी उघडा; त्याहून उशीर केला तर पैसे कशासाठी होते तेच मुलं विसरतात. दहा-दहाच्या राशी करून मोजा. मग दोनच पर्याय ठेवा, उदाहरणार्थ तेल की डायपर, आणि हात वर करून ठरवा. शक्य असेल तर चार-पाच मुलांना दुकानात न्या, त्यांच्या हातानेच वस्तू ट्रॉलीत जाऊ दे. अन्न सीलबंद आणि कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं) शिक्क्याचं घ्या, मुदतीची तारीख पाहा. खेळणी देणार असाल तर मोडकी नकोत: भुकेल्याला आपल्या ताटातलं उत्तम द्यावं, असा दंडक आहे. आवडतं खेळणं मुलाकडून बळजबरीने मात्र काढून घेऊ नका. देणं म्हणजे शिक्षा, असं त्याच्या मनात बसतं.

सणही हाताशी आहेत. पुरीमला (एस्तेरच्या गोष्टीच्या सणाला) किमान दोन गरजूंना देणं बंधनकारक आहे, आणि ते त्याच दिवशी पोचायला हवं. म्हणून नेणारा माणूस आधीच ठरवा. पेसाखच्या (वल्हांडण सणाच्या) आधी सणाचा शिधा गोळा करा. शावुओतला (हंगामाच्या सणाला) दुसऱ्याच्या शेतात राहिलेली कणसं वेचणाऱ्या रूथची गोष्ट सांगताना वर्गाच्या वाफ्याचा एक कोपरा न कापता ठेवा, कारण शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडावा असं तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. त्यासाठी मुळा किंवा सॅलडची पानं आधी पाच-सहा आठवडे पेरावी लागतात.