फायबरमध्ये ग्रेटिंग लिहायचंय? मग आधी फायबर सोलायला शिका

नागपुरात एम.एस्सी. फिजिक्स करणारी पोरं हमखास विचारतात, "दादा, फेमटोसेकंद लेझर आपल्याला कुठं बघायला मिळणार?" ग्रेटिंग म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेच्या, गाभ्यात ठरावीक अंतरावर लेझरने उमटवलेले ठिपके. ते एक ठरावीक तरंगलांबी परत फिरवतात. फेमटोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय छोट्या पल्स (झोत) सोडणारा लेझर, हे ठिपके उमटवतो. पण लेझरचं नंतर पाहू. आधी घरोघरी ब्रॉडबँड जोडणाऱ्या माणसाशी ओळख काढा आणि उरलेले तुकडे मागून घ्या. रंगीत कोटिंग उतरवलं की १२५ मायक्रॉनची काच उरते. ती अल्कोहोलने पुसणं, क्लीव्हरने टोक सरळ कापणं, हे हाताला बसलं पाहिजे. (तुटके तुकडे लगेच चिकटपट्टीवर घ्या. बोटात शिरले तर दिसतही नाहीत, बाप्पा!)

कारण सगळा खेळ मधल्या साधारण ९ मायक्रॉनच्या कोअरचा (गाभ्याचा) आहे. लेझरचा फोकस तिथंच पडायला हवा आणि फायबरचा गोल पृष्ठभाग स्वतःच भिंगासारखा वागून किरण फाकवतो. म्हणून काचेच्याच अपवर्तनांकाचं तेल घालतात. कॅमेऱ्यात कोअर पुसटशी रेघ दिसते. एका टोकाला स्पष्ट, फायबर धरून सरकवणारी स्टेज थोडी सरकवली की धूसर. दोन्ही टोकं जुळवून मधलं तपासायचं, की परत पहिलं टोक हललेलं! नवख्याचे सुरुवातीचे आठवडे यातच जातात.

गणित त्यामानाने सोपं. १५५० नॅनोमीटरच्या दुसऱ्या ऑर्डरच्या (पहिल्या ऑर्डरपेक्षा दुप्पट अंतराच्या) ग्रेटिंगला ठिपक्यांमधलं अंतर सुमारे १.०७ मायक्रॉन लागतं. लेझरच्या सेकंदाला १००० पल्स, दर पल्सला एक ठिपका, असतील तर स्टेज सेकंदाला १.०७ मिलिमीटर चालवा. वेग १ टक्का चुकला, तर तरंगलांबी १५ नॅनोमीटर घसरते. म्हणून लेझरइतकाच पैसा स्टेजवर घालावा, असं माझं मत.

अतिनील लेझरला जर्मेनियमवाला, बहुधा हायड्रोजन भरलेला फायबर लागतो. फेमटोसेकंदचं शुद्ध सिलिकातही भागतं आणि असं ग्रेटिंग १००० अंशांच्या आसपासही टिकू शकतं. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी बघत मोठं झालेल्यांना, एवढ्या उष्ण जागी तापमान मोजायला त्याचा उपयोग सांगायला नको. साध्या ग्रेटिंगची तरंगलांबी अंशामागे सुमारे १० पिकोमीटर (०.०१ नॅनोमीटर) सरकते, म्हणजे आपल्या डिसेंबरचे १२ आणि मेचे ४५ अंश यांत ०.३३ नॅनोमीटरचा फरक.

गेट, जेस्ट या प्रवेश परीक्षा द्याच. पण इंदूरचं आरआरकॅट (लेझर आणि त्वरकांवर काम करणारी संस्था), कोलकात्याचं सीजीसीआरआय (काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था) अशा ठिकाणी प्रोजेक्टसाठीही विचारा. मेलमध्ये "मला फोटॉनिक्सची (प्रकाश वापरण्याच्या तंत्राची) आवड आहे" एवढंच लिहू नका. तुम्ही कापलेल्या टोकाचा मायक्रोस्कोपखालचा फोटो जोडा. कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर मोबाइल धरून काढलेला असला तरी चालतो.