घोटा मुरगळला, पाठ धरली: या चुका टाळा

कोल्हापुरात पेठापेठांचा फुटबॉल हंगाम रंगात आला की माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी घोटा सुजलेले खेळाडू येऊ लागतात, आणि त्यांतील अनेकांचा तोच घोटा आदल्या हंगामातही मुरगळलेला असतो. दुखायचे थांबले म्हणजे दुखापत बरी झाली, हा समज त्याच्या मुळाशी असतो.

घोटा मुरगळताना पाऊल बहुधा आतल्या बाजूला वळते आणि बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात. अशा वेळी मैदानावरच कोणीतरी पाय ओढून ‘बसवून’ देतो आणि घरी पोहोचल्यावर तेल लावून चोळणे व गरम पाण्याने शेकणे सुरू होते. तालमीतील जाणत्या वस्तादांच्या अनुभवाविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही पहिल्या दोन-तीन दिवसांत आतला रक्तस्राव चालू असताना चोळल्याने आणि शेकल्याने सूज वाढते, आणि हाड मोडले आहे की नाही हे ठाऊक नसताना पाय ओढणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. मांडीला जबर मुका मार लागला असताना ती जोराने रगडली, तर त्या स्नायूमध्ये पुढे हाडासारखी गाठ तयार होण्याची शक्यता असते.

एक्स-रे कधी काढावा याचा साधा निकष असा: घोट्याच्या दोहोंपैकी कोणत्याही उंचवट्याच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यास हाडातच दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे टाळू नये. हाड शाबूत असल्यास लवचिक पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. बर्फ वेदना कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटेच लावावा. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही प्रसिद्ध चतुःसूत्री 1978 मध्ये मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे, 2014 मध्ये, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते असे मान्य केले. हे मी आवर्जून सांगतो, कारण आठ-आठ दिवस पाय न हलवता बर्फ लावत बसलेले रुग्ण आजही भेटतात. सूज ओसरू लागली की सोसेल तेवढा घोटा वर-खाली हलवावा आणि हळूहळू पायावर वजन द्यावे.

खरी चूक मात्र यानंतर होते. साधारण दोन आठवड्यांत चालताना दुखायचे थांबते आणि खेळाडू शाहू स्टेडियमवर सामन्याला उतरतो. अस्थिबंधांत सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूंची सूक्ष्म टोके असतात. दुखापतीत त्यांनाही इजा होते, त्यामुळे खड्ड्यात पाय पडताच स्नायू वेळेवर न सावरता उशिरा सावरतात. वेळेवर सावरण्याचे शिक्षण त्यांना पुन्हा द्यावे लागते. दात घासताना एका पायावर उभे राहावे, ते जमल्यावर डोळे मिटून, आधार जवळ ठेवून उभे राहावे, मग एका पायाने टाच उचलावी आणि शेवटी उड्या व वळणे घ्यावीत. दुखऱ्या पायावर टाच जितक्या वेळा उचलता येते आणि लंगडी घालून जितके अंतर कापता येते, ते दुसऱ्या पायाच्या जवळपास बरोबरीचे होईपर्यंत सामना खेळू नये. संघांनी आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटांचा फिफा 11 प्लस हा फुटबॉलपटूंसाठीच्या ठरावीक व्यायामांचा सराव केला, तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात असे अभ्यासांतून दिसले आहे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत, केवळ शिस्त लागते.

आखाड्यात चूक उलट दिशेनेही होते. गुडघा दुखू लागला की बैठका कायमच्या बंद केल्या जातात, मांडीचा स्नायू वाळतो आणि गुडघा अधिकच दुखतो. किंवा मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठला जातो. गुडघ्याला सूज नसेल आणि तो अडकत नसेल, तर बैठका कमी खोल आणि कमी संख्येने चालू ठेवाव्यात. व्यायामाच्या वेळी दहापैकी (दहा म्हणजे असह्य) तीनपर्यंतची वेदना चालते, मात्र ती दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत व्हायला हवी.

पाठ धरल्यावर अंथरुणाला खिळून राहणे हीसुद्धा अशीच चूक आहे. साधी उसण भरली असेल तर घरातल्या घरात हिंडत राहणारा माणूस लवकर सुधारतो. एमआरआयच्या अहवालातील ‘चकती (मणक्यांमधली गादी) झिजली’ हे शब्द वाचून घाबरू नये, कारण काहीही त्रास नसलेल्या विशीतील लोकांपैकीही तिघांत एकाहून अधिकांच्या चकतीत असे बदल आढळतात. ‘करंट’ आणि शेक घेतला की फिजिओथेरपी झाली असे मानून घरचे व्यायाम सोडणाऱ्यांना तात्पुरता आराम मिळतो, ताकद मात्र येत नाही.

काही लक्षणांमध्ये मात्र घरगुती उपाय किंवा व्यायाम करत वेळ घालवू नये. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन दोन-चार तासांत तो टम्म सुजला, तर आतील अस्थिबंध तुटल्याची शंका घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तो अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया करावी लागली, तर नऊ महिन्यांच्या आत सामन्यात उतरू नये. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल तर डॉक्टरांकडे जावे. आणि पायातील शक्ती जात असेल, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता आली असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.