पट्टी मुलांची धरा

संगीतातली विशारद परीक्षा पास होऊन शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं, गाणं येतंय म्हणजे शिकवताही येईल. परीक्षेत आपण एकटे गातो, तानपुरा आणि तबलाही आपल्याच पट्टीत, म्हणजे आपला 'सा' ज्या उंचीवर असतो तिथे, लावलेला असतो. वर्गात समोर चाळीस गळे असतात. त्यांची पट्टी वेगळी असते, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

माझी पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरचा पहिला काळा सूर हा माझा षड्ज, माझा 'सा'. पेटीवर बोट आपसूक तिथेच जायचं. पहिल्या समूहगीत स्पर्धेचं गाणं त्याच पट्टीत बसवलं. मला ते आरामात जायचं. पण मुलं माझ्या वरच्या सप्तकात गातात, आणि अंतऱ्यातला तार मध्यम, म्हणजे वरच्या 'सा'च्याही पुढचा 'म', त्यांना फार उंच पडतो, हे लक्षातच आलं नाही. तिथे मुलं ओरडायची आणि मी वर "अजून जोर लावा" म्हणायचो. दुसऱ्या रांगेत सातवीतली एक मुलगी होती. अंतरा आला की ती हनुवटी वर करायची, खांदे उचलायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. मी रोज बघत होतो. मला वाटायचं, किती तन्मय होऊन गाते! स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचा आवाज असा बसला की पाणीसुद्धा तिने खुणेने मागितलं.

म्हणून नव्या संगीतशिक्षकांना सांगतो, पहिल्या आठवड्यात गाणं शिकवूच नका. पाच-पाच जणांना उभं करून आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, सूर लावून घ्या. खाली कुठे आवाजाची नुसती हवा होते, वर कुठे हनुवटी उचलली जाते, ते वहीत लिहा. मग गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा आणि तिथून मागे येत षड्ज ठरवा. माझ्या सहावी-सातवीला बरीचशी गाणी काळी चारला, तीही खालच्या सप्तकातल्या, बसतात, म्हणजे षड्ज माझ्या पूर्वीच्या हट्टापेक्षा खाली येतो. तिथे माझी पंचाईत होते, खाली गायलो तर खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, वर गायलो तर ताण. ही गैरसोय शिक्षकानेच सोसायची. खर्जाचा रियाज इथे उपयोगी पडतो, तो सोडू नका.

परिपाठातही हेच. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं, पण 'जय हे'ला तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', लागतो. कुणी भलत्याच सुरात सुरुवात केली की तिथे कल्ला होतो. आधी पेटीवर षड्ज द्या, दोन दिवसांत फरक ऐकू येईल.

कराओके ट्रॅकचं मला वावडं आहे. फोनवर पट्टी बदलता येते हे खरं, पण मुलांचा श्वास संपला म्हणून ट्रॅक थांबत नाही. गुरूंबद्दलही माझं मत ठाम आहे. राग गुरूंकडे शिका, वर्ग मात्र जुन्या प्राथमिक शिक्षिकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिका. मैफलीच्या गवयाला हे सांगता येईलच असं नाही.

पैशांचं स्पष्टच बोलतो. अनेकांना तासिका तत्त्वावर काम मिळतं, आणि स्नेहसंमेलन आटोपलं की आपला तास गणिताला जातो. घरच्या शिकवण्यांवर मी काही वर्षं काढली. निघतात. घाबरू नका.

एक गोष्ट अजून सलते. आठवीतल्या एका मुलाला कंठ फुटत होता. त्याला मी म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." तो पुन्हा गाण्याच्या तासाला आला नाही. असं कुणालाही, कधीही म्हणू नका. त्या वयातल्या मुलांना आता मी खालचा षड्ज आणि पंचम ('प') आकारात धरायला देतो, बाकीचे वर गातात. भूप रागातल्या गाण्याला हे छान शोभतं. दोन आवाजांत गायची पहिली पायरी हीच. गोव्यात मांडो हा कोकणी गीतप्रकार दोन आवाजांत गातात, तो मुलांना जरूर ऐकवा.

गेल्या स्नेहसंमेलनात आठवीचे चौघे शेवटच्या रांगेत खर्ज धरून उभे होते. गाणं संपलं, बाकीची मुलं थांबली, पण त्यांचा षड्ज चालूच राहिला. मीही हात खाली घेतला नाही.