कोणत्या केबलला कोणता कनेक्टर, आणि डिशचा एफ कनेक्टर कसा बसवायचा

आधी केबलवर छापलेला ओहम (म्हणजे तिचा इम्पीडन्स, सिग्नलला होणारा विरोध) बघा. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची, तिला एफ कनेक्टर. वायरलेस सेट, हॅम रेडिओ ५० ओहमवर चालतात. तिथे गच्चीवरच्या अँटेनाला एन टाइप घ्या, पाण्याला दाद देत नाही. पीएल-२५९ स्वस्त आहे, पण व्हीएचएफच्या (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) वर त्याच्या नादी लागू नये. बीएनसी पाव फेऱ्यात अडकतो, म्हणून ऑसिलोस्कोपला आणि सीसीटीव्हीला तोच. मात्र तो ५० आणि ७५ अशा दोन्ही ओहममध्ये मिळतो, विचारून घ्या. राउटरच्या अँटेनाला बहुधा आरपी-एसएमए असतो, म्हणजे एसएमए या छोट्या स्क्रू-कनेक्टरचा उलट पिनचा प्रकार. साधा एसएमए त्यावर फिरून घट्ट बसतो, पण मधली पिन पिनलाच भिडते किंवा जोडच होत नाही.

आता एफ. वरचं आवरण साधारण १२ मिमी सोला, त्याखालची धातूची जाळी मागे दुमडा. टोकाकडचं ६ मिमी पांढरं इन्सुलेशन काढून तांब्याची तार उघडी करा. तारेवर ब्लेडचा चरा पडला तर ती तिथेच तुटते, सरळ कापून पुन्हा सुरुवात करा. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत दिसेपर्यंत केबल दाबा, मग कम्प्रेशन टूलने आवळा. पक्कडीने चेपलेला कनेक्टर पहिल्या पावसात पाणी पितो.

जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला, तरी शॉर्ट होऊन एलएनबीला (डिशसमोरचा सिग्नल घेणारा भाग) १३/१८ व्होल्ट पोचत नाहीत आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. म्हणून बॉक्सला जोडण्याआधी केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवून मल्टीमीटरने पिन आणि नट यांच्यात कंटिन्युइटी तपासा. बीप यायला नको.