लिनक्ससाठी लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

लिनक्स किंवा बीएसडी (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला लॅपटॉप शोधणारे बहुतेक जण आधी प्रोसेसर आणि रॅम बघतात. या दोन गोष्टी सहसा त्रास देत नाहीत. अडतं ते वायफाय, ग्राफिक्स, स्लीप आणि कॅमेऱ्यापाशी, आणि त्यांच्या चिपची नावं जाहिरातीत क्वचितच असतात.

सगळ्यात महागात पडते ती मॉडेलच्या नावावर विसंबण्याची चूक. एकाच नावाखाली वेगवेगळी वायफाय कार्डं बसवलेली असतात. मित्राकडे लिनक्स सुरळीत चालतंय हे बघून मी तेच मॉडेल घेतलं. त्याच्यात इंटेलचं कार्ड होतं, माझ्यात दुसऱ्याच कंपनीचं निघालं आणि माझ्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या आवृत्तीच्या) कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ते ओळखताच येईना. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर नेट घेतलं, नवा कर्नल टाकला, तेव्हा कुठे वायफाय सुरू झालं. कोणी अशा अडचणीत असेल तर हा मार्ग आधी वापरून बघा. कार्ड बोर्डवर सोल्डर केलेलं असेल तर ते बदलताही येत नाही, म्हणून घेण्याआधीच विचारा. शक्य असल्यास मशीनवर एलएसपीसीआय ही कमांड 'एनएन' पर्यायासह चालवा. ती प्रत्येक चिपचा क्रमांक दाखवते. नाव सोडून तो क्रमांक शोधलात, तर इतरांचे अनुभव नेमके सापडतात.

याच्याच जोडीची चूक म्हणजे अगदी नव्या लॅपटॉपवर जुना कर्नल. 2023 साली आलेल्या डेबियन 12 या डिस्ट्रोत 6.1 कर्नल आहे. त्यानंतर आलेल्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) त्यात असेलच असं नाही. बॅकपोर्ट्समधला, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी तयार केलेला नवा, कर्नल घ्या, नाहीतर वर्ष-दोन वर्षं जुनं मॉडेल निवडा. मी दुसरा मार्ग सुचवेन.

स्लीपकडे मात्र जवळजवळ कुणीच बघत नाही, आणि रोजचा वैताग तिथूनच येतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे एस3 मध्ये, रॅम सोडून जवळपास सगळं बंद होतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) एस3 काढून टाकलंय. तिथे मशीन अर्धवट जागं राहतं, आणि ड्रायव्हर नीट साथ देत नसेल तर रात्री मिटलेला लॅपटॉप सकाळी गरम आणि रिकामा मिळतो. 'सिस' फोल्डरात 'पॉवर'खाली 'मेम_स्लीप' नावाची फाइल असते. तिच्यात 'डीप' हा शब्द नसेल तर एस3 नाही. काही मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) स्लीपसाठी 'लिनक्स' असा पर्याय असतो, तो शोधून बघा. बीएसडीवाल्यांनी तर एस3 आहे का हे सगळ्यात आधी तपासावं.

ओपनबीएसडी (बीएसडीचाच एक प्रकार) घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी: एनव्हिडियाच्या कार्डांना तिथे थ्रीडी प्रवेग मिळत नाही, आणि ब्लूटूथचा कोड 2014 मध्येच काढून टाकला गेला. ब्लूटूथ हेडफोनशिवाय काम चालणार नसेल तर वेळीच विचार करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, ही तक्रार इंटेलच्या मशीनवर नेहमीची. डिस्क शाबूत असते. बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची खास सोय) चालू असतं. ते बंद करून एएचसीआय (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) निवडलं की बहुधा डिस्क दिसते. पण विंडोजही ठेवायचं असेल तर घाई नको. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या आणि विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडेल अशी सोय करा, नाहीतर ते सुरूच होणार नाही.

मॅकचा विचार असेल तर अ‍ॅपलच्या एम1 आणि एम2 चिपवर 'असाही लिनक्स' नावाचं लिनक्स चालतं. टी2 या सुरक्षा चिपवाल्या इंटेल मॅकवर मात्र कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसाठीसुद्धा वेगळे ड्रायव्हर लागतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून दाखवणारा पेनड्राइव्ह) न लावता पैसे देऊ नका. निदान परत करण्याची मुदत संपण्याआधी तरी ती लावाच. डेस्कटॉप दिसला म्हणून थांबू नका: झाकण मिटून उघडा, माइकवर बोलून बघा, कॅमेरा चालू करा, बाहेरचा मॉनिटर जोडा. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर हवा असेल तर तो लिबएफप्रिंटच्या (लिनक्सवर असे सेन्सर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत आहे का ते पाहा. जुना लॅपटॉप घेताना बायोसमध्ये शिरून एखादी सेटिंग बदलून जतन करून बघा. तिथे आधीच्या मालकाचा पासवर्ड निघाला, तर सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) किंवा एएचसीआय यातलं काहीच तुम्हाला बदलता येणार नाही.