विज्ञान शाळेतच सुटलं, आता कुठून धरायचं?

मी मोठ्या माणसांना विज्ञान शिकवते. वकील, हिशेबनीस, भाषांचे शिक्षक, दहावीनंतर या विषयाकडे न फिरकलेले सगळे. रोज नवं काहीतरी येतं, आपण मागे पडतोय, ही त्यांची धास्ती खरी असते. त्यांना मी सांगते, नव्या वस्तूंमागे धावू नका. वस्तू भराभर बदलतात, त्यांच्या पोटातली तत्त्वं बहुतेक जुनीच असतात. ती आधी धरा.

सुरुवात हाताने करा. जाड तांब्याची हातभर नळी आणि तिच्यातून सहज सरकेल असा निओडिमियमचा (या धातूपासून बनलेला, फार जोरदार) चुंबक घ्या. (पेसमेकर असलेल्यांनी तो हाताळू नये, लहान मुलांपासूनही लांब ठेवा.) तो तांब्याला चिकटत नाही, हे आधी बघून घ्या. मग नळी उभी धरून चुंबक वरून सोडा. धाडकन पडायच्या ऐवजी तो रेंगाळत खाली येतो. चुंबक सरकला की नळीतलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, त्यामुळे तांब्यात वीज फिरू लागते आणि त्या विजेचं क्षेत्र चुंबकाला अडवतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं होतं. इंडक्शन शेगडीत भांड्याचं बूड याच तत्त्वाने तापतं. वायरलेस चार्जर, वीजकेंद्रातलं जनित्र, तेही यावरच चालतात. इथून पुढे उदाहरणं तुम्हीच शोधा.

मग बदलाच्या वेगाचा हिशेब मांडा, आणि तोही हातानेच. चिपवरचे ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी इवलीशी बटणं, दर दोन वर्षांनी दुप्पट होतील, असा अंदाज इंटेल या चिप कंपनीचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९७५ मध्ये वर्तवला. १९७१ च्या इंटेल ४००४ चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. तिथपासून २०२१ पर्यंत कागदावर एकेका ओळीत पंचवीस वेळा दुप्पट करत जा. दहाव्या ओळीला आकडा साडेतेवीस लाखांच्या आसपास असतो, पंचविसाव्या ओळीला सुमारे ७,७०० कोटी. त्यातली निम्मी भर एकट्या शेवटच्या ओळीची! त्या वर्षी आलेल्या ॲपलच्या एम१ मॅक्स चिपवर प्रत्यक्षात ५,७०० कोटी होते. वेग अंगावर का येतो, ते हा कागद दाखवतो.

इथे थांबू नका. मग बॅटरी अशी का वाढली नाही, हे विचारा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, सुधारलीही, पण अशा पटीने नाही. ट्रान्झिस्टरला फक्त चालू-बंद हा फरक राखायचा असतो, त्यामुळे तो लहान केला तरी काम भागतं. बॅटरीला ऊर्जा साठवायची असते. तिथे लिथियमच्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना, पदार्थात प्रत्यक्ष जागा लागते, आणि अणू काही लहान करता येत नाहीत. म्हणून कुठल्याही नव्या यंत्राची बातमी वाचताना आधी पाहा: इथे माहिती हाताळली जातेय की ऊर्जा? माझ्या मते बिगरवैज्ञानिकाला याहून उपयोगी प्रश्न नाही.

सूत्रं पाठ करायची गरज नाही. सोबतीला मात्र कुणीतरी घ्या. आठवड्यातून एकदा एक वस्तू निवडा आणि ती कशी चालते ते एकमेकांना सांगा. जिथे अडाल तिथे पेन्सिलीने खूण करा. पुढच्या आठवड्यात तेवढंच वाचायचं.